रीमॅपनंतर टर्बो गाडी हळू चालवताना झटके मारते, क्लच दाबला की आरपीएम कोसळतो. नेमकं कुठे बघायचं?

प्रश्न

२.० लिटर डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल गाडी. झालेले बदल असे: ओपन इंटेक, ज्याचा एमएएफ सेन्सरजवळचा (हा आत येणारी हवा मोजतो) पाइप आतून ७६ मिमी आहे (मूळचा ७० मिमी होता). मोठा फ्रंट-माउंट इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा). हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. आणि शेवटी स्टेज १ रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयू) फाइल बदलून पहिल्या पायरीची ताकदवाढ. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जास्तीचा दाब, ०.९ बारवरून १.३ बारवर गेलाय. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एग्झॉस्ट पाइप) आणि कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मूळचेच आहेत. स्पार्क प्लग जुनेच, ४०,००० किमी झालेले.

ताकदीबद्दल तक्रार नाही, रोजच्या चालवण्यात त्रास आहे.

१. सिग्नलला थांबताना क्लच दाबला की आरपीएम ४५०–५०० पर्यंत खाली जातो, मग सावरतो. कधी कधी गाडी सरळ बंद पडते.
२. चौथ्या गिअरमध्ये १८००–२३०० आरपीएमला पेडल हलकं आणि स्थिर धरलं तरी गाडी कुणी मागून ढकलल्यासारखी पुढे-मागे हलते.
३. पेडलचा पहिला १५–२० टक्के भाग फारच तिखट झालाय. गर्दीत गाडी सावकाश सरकवणं कठीण जातं.
४. चौथ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल दिला की ३८०० च्या वर अडखळते. मिसफायरचा (सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटल्याचा) कोड मात्र येत नाही.

स्कॅनरवर फक्त पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हा कोड पेंडिंग आहे. 'ट्यून केलेली गाडी म्हटल्यावर हे चालायचंच' असं सांगितलं जातं, ते पटत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १

ते पटू देऊही नका. नीट ट्यून केलेली स्टेज १ गाडी आयडलला आणि गर्दीत मूळ गाडीइतकीच शहाणी वागली पाहिजे. चारही तक्रारींचं कारण एकच असेल असं नाही, पण पहिल्या दोन आणि बहुधा चौथीचा काही भाग एकाच ठिकाणी जाऊन मिळतो: मोजलेली हवा आणि सिलिंडरमध्ये पोचलेली हवा यांचा हिशोब जुळत नाहीये.

एमएएफ सेन्सर पाइपमधली सगळी हवा मोजत नाही. आपल्या छोट्या खिडकीतून जेवढी जाते तेवढी मोजतो, आणि ईसीयू त्यावरून पूर्ण पाइपचा अंदाज बांधतो. तो अंदाज ७० मिमीच्या पाइपसाठी ठरवलेला आहे. ७६ ला ७० ने भागा आणि वर्ग करा, १.१८ येतं. म्हणजे तेवढीच हवा आता १८ टक्के मोठ्या क्षेत्रफळातून जाते, सेन्सरसमोरून सावकाश जाते, आणि ईसीयूला ती साधारण १५ टक्के कमी भासते. पेट्रोलही तेवढंच कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण लीन दिसतं आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूची पेट्रोलमधली टक्केवारीतली दुरुस्ती, अधिकमध्ये जाऊन ती तूट भरून काढतो. तुमचा पी०१७१ इथूनच येत असणार.

ट्रिमने भरपाई केली म्हणजे प्रश्न मिटला असं बऱ्याच जणांना वाटतं. मिटत नाही. ट्रिम पेट्रोलची भरपाई करतो, इग्निशनची करत नाही. ईसीयूच्या लेखी इंजिनावरचा लोड प्रत्यक्षापेक्षा १५ टक्के कमी आहे, म्हणून तो हलक्या लोडच्या रकान्यातला आकडा उचलतो आणि ठिणगी हवी त्यापेक्षा आधी पडते. सावकाश चालवताना याने फारसं बिघडत नाही. १.३ बार बूस्टवर मात्र याचाच नॉक होतो, म्हणजे उरलेलं मिश्रण आपोआप पेटून ठोका बसतो. म्हणून हा हिशोब जुळेपर्यंत फुल थ्रॉटल देऊ नका, ही कळकळीची विनंती.

आता ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. एमएएफ असलेल्या गाडीत हवा आधी मोजली जाते, मग टर्बोतून पुढे जाते. तुम्ही पाय काढला की व्हॉल्व्ह ती मोजलेली हवा बाहेर फेकतो. ईसीयूला हे कळायला मार्ग नाही. तो त्या हवेसाठीचं पेट्रोल सोडतो आणि क्षणभर मिश्रण इतकं रिच (पेट्रोल जास्त) होतं की आरपीएम खाली कोसळतो. नेमका त्याच क्षणी क्लच दाबलेला असला तर चाकांकडून इंजिनाला आधारही मिळत नाही आणि ते बंद पडतं. मूळ व्हॉल्व्ह ही हवा सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या तोंडाशी परत सोडतो, त्यामुळे हिशोब जागच्या जागी राहतो.

यात आणखी एक खोच आहे. व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ असेल तर आयडलच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे साधारण उणे ०.६ ते ०.७ बारवर, तो थोडा उघडाच राहतो. मग उलटा प्रकार होतो: न मोजलेली हवा, तीही फिल्टर न झालेली, तिथून आत ओढली जाते.

काही विकत घेण्याआधी हे मोजा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडल, २००० आणि ३००० आरपीएमला शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला) ट्रिम. आयडलला एमएएफ किती ग्रॅम/सेकंद दाखवतो (२.० लिटर इंजिनाला २ ते ३ च्या आसपास दिसायला हवा). मग गाडी उभी असताना ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं तोंड बूच लावून बंद करा आणि आयडलचा शॉर्ट टर्म किती हलतो ते बघा. ही चाचणी फक्त आयडलवर. बूच तसंच ठेवून बूस्टमध्ये चालवलंत तर थ्रॉटल मिटताना हवेला जायला वाट राहत नाही, ती कॉम्प्रेसरवर उलटते आणि थ्रस्ट बेअरिंगवर ताण येतो.

ट्यून करणाऱ्याला एकच प्रश्न आधी विचारा: फाइलमध्ये या इंटेकसाठी एमएएफचं टेबल बदललंय का? तयार स्टेज १ फाइल बहुतेक वेळा मूळ इंटेक धरूनच बनवलेली असते.

उत्तर २

वरचं बरोबर आहे, पण चौथ्या तक्रारीसाठी आधी प्लग काढा. बूस्ट वाढला की ठिणगी पडायच्या क्षणी सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब जितका जास्त तितकं तोच गॅप ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं. ४०,००० किमी चाललेल्या प्लगचा इलेक्ट्रोड झिजून गॅप आपोआप वाढलेला असतो. ०.९ बारला जे खपत होतं ते १.३ बारला खपत नाही, ठिणगी विझते.

नवे प्लग घ्या आणि गॅप ०.६० ते ०.६५ मिमी ठेवा. फीलर गेजने प्रत्येक प्लग मोजा, 'फॅक्टरीतून सेट करून येतात' यावर विसंबू नका. इरिडियम प्लगचा मधला इलेक्ट्रोड ०.६ मिमी जाडीचा, अगदी नाजूक असतो. त्याला टेकवून, त्याचाच आधार घेऊन गॅप वाकवू नका, फक्त बाहेरची पट्टी वाकवा. गॅप ०.५ च्या खाली नेलात तर बूस्टमध्ये ठीक चालेल, पण आयडलला ज्वाला नीट पकडणार नाही आणि नवा त्रास ओढवून घ्याल.

उष्णतेच्या श्रेणीत एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर नेणारा, प्लग पुरतो. इथे बऱ्याच जणांची गफलत होते: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. दोन पायऱ्या थंड घेतलेत तर गर्दीत चालवताना प्लगवर काजळी धरते, थंड स्टार्टला मिसिंग येतं, आणि माणूस ट्यूनला दोष देत बसतो.

लॉग (चालवताना नोंदवलेले आकडे) बघताना एक लक्षात असू द्या. मिसफायर झाला की त्या सिलिंडरमधला न जळलेला ऑक्सिजन तसाच एग्झॉस्टमध्ये जातो, म्हणून लॅम्डा (ऑक्सिजन सेन्सरवरून कळणारं मिश्रणाचं प्रमाण) क्षणभर लीन दिसतो. त्यावरून 'पेट्रोल कमी पडतंय' असा निष्कर्ष काढून मिश्रण आणखी रिच केलं तर मिसफायर वाढतो. खरंच पेट्रोल कमी पडत असेल तर आधी रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब) मागणीच्या खाली घसरताना दिसेल. रेल प्रेशर मागणीला चिकटून आहे आणि लॅम्डा एकदम उडतोय, तर ती ठिणगी आहे.

गळतीची चाचणीही उरकून घ्या. इंटरकूलर बदलला की होजचे जोड उघडले जातात, आणि क्लॅम्प तेलकट पाइपवर बसला की बूस्टमध्ये होज हळूहळू सरकतो. सेन्सरच्या पुढे टर्बोच्या तोंडाला टोपी लावा, ऑइल फिलर कॅप उघडा, हवा ०.३ बारपासून हळूहळू १ बारपर्यंत भरा आणि साबणाचं पाणी मारा. फिलरमधून थोडी हवा येणारच, ती क्रँककेस व्हेंटिलेशनमधून आलेली असते. होजच्या तोंडाशी बुडबुडे आले तर तिथे काम आहे.

गळती कुठे आहे हे ट्रिमवरूनही बरंच कळतं. सेन्सर आणि टर्बोच्या मध्ये असेल तर हवा कायम आत ओढली जाते, म्हणून सगळीकडे लीन. टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये असेल तर बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर जाते, म्हणजे रिच. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवर असेल तर आयडलला लीन आणि बूस्टमध्ये रिच.

प्रश्नकर्ता

सगळं मोजलं. आकडे देतोय.

आयडल ८०० आरपीएम: एमएएफ २.१ ग्रॅम/सेकंद, लाँग टर्म +२२, शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास.
२००० आरपीएम, स्थिर पेडल: लाँग टर्म +१६. पण एमएएफ ११ ते १५ च्या मध्ये सारखा हेलकावे खातो, थ्रॉटलचा कोन मात्र हलत नाही.
३००० आरपीएम: +१७.
ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बूच लावून बंद केल्यावर आयडलला शॉर्ट टर्म लगेच –६ वर गेला.
गळतीची चाचणी १ बारला केली, जोड सगळे कोरडे.

फुल थ्रॉटल टाळायचा सल्ला येण्याआधीचा चौथ्या गिअरचा एक लॉग आहे: ३६०० ते ४६०० मध्ये सिलिंडर २ आणि ३ वर नॉकमुळे इग्निशन ४.५ अंश मागे घेतलंय. रेल प्रेशर मागणीपासून ५ बारच्या आत. बूस्टची मागणी १.३, प्रत्यक्षात १.४६ वर उडी, मग १.२, मग १.३८. प्लगचा गॅप ०.९५ ते १.० मिमी निघाला. पाइपला ९० अंशाचं वळण आहे आणि सेन्सर वळणानंतर साधारण ३ सेंमीवर बसवलाय.

उत्तर १

आकडे छान घेतलेत, यात जवळजवळ सगळं उत्तर आहे.

२००० ला +१६ आणि ३००० ला +१७. म्हणजे चूक टक्केवारीत सगळीकडे सारखीच आहे. गणिताने १८ यायला हवी होती, प्रत्यक्षात १६–१७ आली. पाइपच्या व्यासाचं कारण पक्कं धरा. व्हॅक्यूम गळती असती तर आयडलला मोठा आकडा आणि लोड वाढत गेल्यावर शून्याकडे घसरण दिसली असती, कारण गळतीतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते आणि एकूण हवा वाढत जाते. आयडलला वरचे जे ५–६ टक्के दिसतात ते ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचे. बूच लावताच शॉर्ट टर्म –६ झाला, म्हणजे शिकून ठेवलेली तेवढी भरपाई अनाठायी ठरली. स्प्रिंग आयडलला मिटत नाहीये.

हे +२२ धोक्याच्या कडेवर आहे. पुष्कळ ईसीयूंमध्ये लाँग टर्मची मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास असते. ती संपली की भरपाई थांबते आणि गाडी खरोखरच लीन चालते.

आता झटके. पेडल स्थिर, थ्रॉटल स्थिर आणि तरी एमएएफ ११ ते १५ मध्ये डोलतोय. याचा अर्थ हवा तेवढी बदलत नाहीये, सेन्सरसमोरचा प्रवाह फाटलेला आहे. ९० अंशाच्या वळणातून बाहेर पडणारी हवा पाइपच्या बाहेरच्या अंगाला चिकटते आणि आतल्या अंगाला भोवरे तयार होतात. ३ सेंमीवर सेन्सर म्हणजे बरोबर त्या भोवऱ्यांतच. आरपीएम आणि लोड थोडा बदलला की भोवरा सेन्सरच्या खिडकीवर येतो किंवा तिथून हटतो, आणि ईसीयू त्या प्रत्येक हेलकाव्यामागे पेट्रोल आणि इग्निशन पळवतो. गाडी पुढे-मागे हलते ती याने. सेन्सरच्या आधी निदान १०–१५ सेंमी सरळ पाइप हवा, आणि मूळ घरात जी मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते ती उगाच नसते, ती प्रवाह सरळ करते. 'हवा अडते' म्हणून ती काढून टाकणं हा हमखास तोट्याचा उद्योग आहे.

दोन मार्ग आहेत. सोपा आणि माझ्या मते योग्य: मूळ ७० मिमीचं सेन्सरचं घर जाळीसकट परत बसवा आणि ओपन फिल्टर त्याच्या तोंडाला ॲडाप्टरने जोडा. १.३ बारच्या स्टेज १ ला ७० मिमी पुरेसं आहे, तिथे ताकद अडत नाही. दुसरा मार्ग: पाइप ७६ मिमीच ठेवायचा, सेन्सर सरळ भागात हलवायचा, आणि ट्यून करणाऱ्याकडून एमएएफचं पूर्ण टेबल आधी १.१८ ने गुणून मग प्रत्येक पट्ट्यातला ट्रिम बघत बारीक जुळवून घ्यायचं. यात दोन-तीन वेळा लॉग काढून फाइल सुधारावी लागते. भोवरे तसेच ठेवून नुसतं टेबल गुणलं तर सरासरी बरोबर येईल, हेलकावे राहतील.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह काढा आणि हवा परत इंटेकमध्ये सोडणारा बसवा. आवाज जाईल, पण एमएएफच्या गाडीत आयडल स्थिर हवं असेल तर दुसरा रस्ता नाही.

नॉकचे ४.५ अंश: अधूनमधून एखाद्या सिलिंडरवर १–२ अंश मागे येणं हे ईसीयूचं नेहमीचं काम आहे. एका विशिष्ट पट्ट्यात दोन सिलिंडरवर ४–५ अंश हे नाही. हवेचा हिशोब जुळल्यावर हा आकडा बहुतेक आपोआप उतरेल. उतरला नाही तर फाइलच आक्रमक आहे, आणि मग त्या पट्ट्यात २ अंश कमी करून घ्यावे लागतील.

हे सगळं झाल्यावर ईसीयूमधलं शिकलेलं पुसायला विसरू नका. तसं न करता गाडी चालू केलीत तर जुने +२२ लागू राहतील, इंजिन भरपूर रिच चालेल आणि काम फसलं असं वाटेल. पुसल्यावर थ्रॉटलचं अडॅप्टेशन करा, म्हणजे थ्रॉटलची जागा ईसीयूला नव्याने शिकू द्या. बऱ्याच गाड्यांत इग्निशन चालू करून इंजिन न लावता मिनिटभर थांबलं की ते होतं, काहींत स्कॅनरवरून कमांड द्यावी लागते. मग शंभरेक किलोमीटर मिश्र चालवा आणि तेव्हा आकडे बघा. ±५ च्या आत हवेत.

उत्तर ३

पुढे कुणी हा धागा वाचून आपल्या गाडीला जसाच्या तसा लावेल म्हणून दोन गोष्टी.

गाडीत एमएएफ नसेल आणि ईसीयू मॅनिफोल्डचा दाब आणि तापमान यांवरून हवा ठरवत असेल, तर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हने मिश्रण रिच होत नाही, कारण व्हॉल्व्ह थ्रॉटलच्या आधी आहे आणि मोजणी थ्रॉटलच्या नंतर. तशा गाडीत इंटेकचा व्यास बदलल्यानेही मोजणी चुकत नाही. बूस्टची गळती मात्र तिथे लपून बसते: मिश्रण बरोबर, कोड नाही, फक्त वेस्टगेटची (टर्बोला वळसा देऊन एग्झॉस्ट सोडणारी, बूस्ट आवरणारी झडप) ड्यूटी, म्हणजे तिच्या नियंत्रणाचा सिग्नल, नेहमीपेक्षा १०–१५ टक्के जास्त आणि टर्बो विनाकारण जास्त फिरतोय. तिथे ट्रिम बघण्यापेक्षा ड्यूटी बघा.

दुसरं, पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत मोठे इंजेक्टर घातल्यावर फक्त आयडल बिघडलं, तर डेड टाइम तपासा. इंजेक्टरला सिग्नल मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत जाणारा हा वेळ साधारण १ मिलिसेकंद. आयडलला एकूण पल्स २ मिलिसेकंद असेल तर पेट्रोल खरं १ मिलिसेकंदच पडतं. डेड टाइममध्ये ०.२ ची चूक म्हणजे तिथे २० टक्के चूक. फुल लोडला १२ मिलिसेकंदांत तीच चूक २ टक्क्यांहून कमी, दिसतही नाही. हेडलाइट, पंखा आणि एसी एकदम चालू करून बघा. व्होल्टेज पडल्यावर ट्रिम सरकला तर डेड टाइमचं व्होल्टेजप्रमाणे असलेलं टेबल चुकीचं आहे. अशा वेळी आयडलच्या रकान्यात पेट्रोल वाढवून झाकपाक करणारे भेटतात. त्याने गरम इंजिन सुधारतं आणि थंड इंजिन बिघडतं.

प्रश्नकर्ता

मूळ सेन्सरचं घर जाळीसकट परत बसवलं, हवा आत सोडणारा व्हॉल्व्ह घातला, एक पायरी थंड प्लग ०.६५ वर. अडॅप्टेशन पुसून १२० किमी चालवल्यावर: आयडल +२, २००० ला +३, ३००० ला +२. क्लच दाबल्यावर आरपीएम ७२० पर्यंत जाऊन ८०० ला बसतो. १८००–२३०० मधले झटके गेले. फुल थ्रॉटलला अडखळणं नाही, नॉक जास्तीत जास्त १.५ अंश.

उरलंय ते असं: पेडल तसंच तिखट. बूस्ट अजूनही १.४६ वर जाऊन मग डोलतो. आणि दुसऱ्या गिअरमध्ये पेडल सोडून परत हलकं दाबलं की एक धक्का बसतो.

उत्तर ४

आता जे उरलंय ते बहुधा फाइलमधलं आहे, पार्ट बदलून जाणार नाही. ट्यून करणाऱ्याकडे 'गाडी नीट चालत नाही' असं सांगत जाऊ नका, लॉग घेऊन जा आणि पुढच्या मुद्द्यांवर बोला.

पेडल. आजच्या ईसीयूमध्ये पेडल थ्रॉटल उघडत नाही, टॉर्क मागतं. पेडल किती टक्के दाबलं की किती टॉर्क मागायचा याचं एक टेबल असतं. गाडी बदलल्यासारखी वाटावी म्हणून काही जण याच टेबलचा खालचा भाग फुगवतात, १५ टक्के पेडलला मूळच्या ३५–४० टक्क्यांचा टॉर्क. ताकद त्याने एका घोड्यानेही वाढत नाही, फक्त पायाखालचा बारीक ताबा जातो. मागणी सरळ ठेवा: पेडलच्या पहिल्या ३० टक्क्यांतले आकडे मूळ फाइलसारखे, ३० ते ७० मध्ये वाढता चढ, ७० च्या वर नवीन कमाल टॉर्क.

दुसऱ्या गिअरमधला धक्का याच्याशीच जोडलेला आहे. इंजिन ओढलं जात असतं तेव्हा गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि इंजिन माउंट एका बाजूला दाबलेले असतात. पेडल दाबलं की ते सगळे दुसऱ्या बाजूला जातात. हा खेळ हळुवार ओलांडावा म्हणून ईसीयू टॉर्क अर्धा-पाऊण सेकंदात चढवतो. 'रिस्पॉन्स' वाढवण्यासाठी ही चढण तोडली की दातावर दात आपटतो आणि तो धक्का तुमच्या पाठीला कळतो. पहिल्या तीन गिअरसाठी हे फिल्टर मूळ ठेवायला सांगा. त्याआधी गिअरबॉक्सखालचं माउंट बघा: रबर फाटलेलं असेल तर फाइल कितीही सुधारली तरी धक्का राहील. त्यावर उपाय म्हणून कडक पॉलियुरेथेनचं माउंट घालताना हे माहीत असू द्या की त्यातून इंजिनाचे आवाज नॉक सेन्सरपर्यंत वेगळे पोचू शकतात, आणि नसलेल्या नॉकसाठी इग्निशन मागे यायला लागतं.

बूस्टचं डोलणं. आधी यंत्र निर्दोष आहे का ते बघा. प्रेशरवर चालणारा वेस्टगेट ॲक्च्युएटर असेल तर सोलेनॉइडचा (ॲक्च्युएटरकडे जाणारा दाब सांभाळणारी विजेची झडप) कनेक्टर काढा आणि चौथ्या गिअरमध्ये एक ओढ घ्या, म्हणजे फुल थ्रॉटलवर आरपीएम चढू द्या. बूस्ट फक्त स्प्रिंगच्या दाबावर, फार तर ०.४–०.५ बारवर, सपाट राहायला हवा. कोड येईल, तो नंतर पुसा. इथेही डोलला तर होजला चीर, अडकणारा फ्लॅप किंवा सैल रॉड शोधा. सपाट न राहता आरपीएमबरोबर चढत गेला तर वेस्टगेटचं भोक एग्झॉस्टला अपुरं पडतंय, त्याला फाइलमध्ये औषध नाही. तुमचा डाउनपाइप मूळचा आहे, त्यामुळे हे होण्याची शक्यता कमी. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर असेल तर ही चाचणी करू नका.

स्प्रिंगवर सपाट राहिला तर दोष नियंत्रणात. मोठा इंटरकूलर घातल्याने टर्बोपासून सेन्सरपर्यंत भरायची जागा वाढली, म्हणून वेस्टगेट हलल्याचा परिणाम दाबावर उशिरा दिसतो. मूळ गाडीच्या घाईने दुरुस्ती करणारा ईसीयू तो परिणाम दिसायच्या आत आणखी दुरुस्ती करून बसतो. मग १.४६, मग १.२, मग १.३८. क्रम असा ठेवा: ड्यूटीचं पायाभूत (बेस) टेबल २५००–३५०० आरपीएममध्ये ५ ते ८ टक्के खाली, म्हणजे पहिली उडीच लहान होईल. मग इंटिग्रलचा (साठत गेलेल्या चुकीवरच्या दुरुस्तीचा) हिस्सा कमी, आणि मागणीच्या जवळ पोचेपर्यंत तो साठू न देणं. प्रपोर्शनलला (त्या क्षणाच्या चुकीवरच्या दुरुस्तीला) हात शेवटी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चौथ्या गिअरमध्ये २००० पासून एक ओढ. लॉगमध्ये ८–१० चॅनलच घ्या. २५ घेतले तर नमुने इतके विरळ येतात की १.४६ चं शिखर दोन नमुन्यांच्या मध्ये हरवतं. मागणीच्या वर ०.१ बारपर्यंतची उडी आणि एका सेकंदात स्थिर, इथे थांबायला हरकत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या इंजिनासाठी ती सगळ्यांत महाग पडू शकते. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये कमी आरपीएम आणि भरपूर बूस्ट एकत्र आले की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. हा नेहमीचा नॉक नव्हे. नॉक सेन्सरला तो कळेपर्यंत झालेला असतो, आणि एकाच फटक्यात पिस्टनची कड किंवा रॉड जातो. १८०० ला पूर्ण टॉर्क देणारी फाइल चालवायला मजेदार वाटते, पण २५०० च्या खाली टॉर्क मर्यादित ठेवा आणि वर हळूहळू चढू द्या. सहाव्या गिअरमध्ये १६०० ला पेडल तळाला लावण्याऐवजी गिअर उतरवा. ऑइल एपीआय एसएन प्लस किंवा एसपी दर्जाचं घ्या. २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी आलं, आणि दोन्हींत याच दोषाची चाचणी आहे. याच पट्ट्यात, जास्त गिअर आणि कमी आरपीएमवर, पाय न काढता टर्बोतून फडफड ऐकू आली तर ती कॉम्प्रेसर सर्ज आहे. तीही तिथला बूस्ट कमी केल्यावरच जाते.

प्रश्नकर्ता

सोलेनॉइड काढून बघितलं, ॲक्च्युएटर प्रेशरचाच आहे. ०.४५ वर रेडलाइनपर्यंत सपाट. माउंटचं रबर शाबूत आहे. पेडलचे पहिले ३० टक्के, पहिल्या तीन गिअरचं फिल्टर, २५००–३५०० ची ड्यूटी आणि २५०० खालची टॉर्क मर्यादा असे चार मुद्दे लॉगसकट पाठवलेत.

उत्तर ४

मग यंत्राचा प्रश्न संपला. पहिली सुधारलेली फाइल आली की आधी फुल थ्रॉटल घेऊ नका. तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या पेडलवर २००० ते ४५०० एक लॉग काढा: मागणी, प्रत्यक्ष बूस्ट, ड्यूटी, दोन्ही ट्रिम, चारही सिलिंडरचं नॉक आणि इनटेकचं तापमान. ड्यूटीची रेष करवतीसारखी दिसली तर इंटिग्रल अजून जास्त आहे, फाइल परत पाठवा. गुळगुळीत दिसली तरच पुढे चौथ्या गिअरची पूर्ण ओढ घ्या.